भुईपालच्या बसेस आणि आजूबाजूची छोटी शेडं

काल पणजीहून वाळपईला येताना बाबांनी खिडकीखालच्या पत्र्यावर बोटाने टकटक केलं आणि म्हणाले, "रिव्हेट सैल झालाय रे." निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, पण बसमध्ये बसले की हात पत्र्यावर जातोच. आयुष्यभर त्यांनी सत्तरी तालुक्यातल्या भुईपालला बसच्या बॉड्या बांधल्या.

गोव्यात रोजगाराचा विषय निघाला की सगळे हॉटेलं नि खाणींवर येतात. टाटांची तेव्हाची टेल्को, म्हणजे आताची टाटा मोटर्स, आणि गोव्याचं आर्थिक विकास महामंडळ यांनी १९८० साली ऑटोमोबाईल कॉर्पोरेशन ऑफ गोवा ही बाबांची कंपनी उभी केली, तिच्यावर सत्तरीतली कितीतरी घरं उभी राहिली, हे कोणी बोलत नाही. २०१२ ला खाणी बंद पडल्या, वाड्यावर ट्रक दारात उभे राहिले, हप्ते थकले. आमचं घर बाबांच्या पगारावर तरलं.

चॅसिस येते ती नुसती चौकट, इंजिन आणि चाकं. वर डोक्याला फडकं बांधलेला ड्रायव्हर. मग पाइप कापून सांगाडा वेल्ड करायचा, पत्रे, रंग, काचा, वायरिंग, सीट. शेवटी गाडी फवाऱ्याखाली उभी करून कुठे गळते का बघायचं.

यातलं बरंच बारीकसारीक सामान छोट्या शेडांतून येतं. माझा भाऊ अशाच एका शेडमध्ये ब्रॅकेट बनवायचा. आठ कामगार, एक प्रेस, एकच गिऱ्हाईक. लघुउद्योगाचं बिल ४५ दिवसांत चुकतं करावं असा कायदा आहे. त्यांचं पाच महिने अडकलं. मालकाने तक्रार केली नाही; केली असती तर पुढची ऑर्डर कोणी दिली असती? शेवटी प्रेस विकला. भाऊ आता कळंगुटला टॅक्सी चालवतो. चांगला हात वाया गेला, याचा मला आजही राग येतो.

आता कदंबच्या, म्हणजे गोव्याच्या सरकारी बससेवेच्या, ताफ्यात इलेक्ट्रिक बस आल्यात. धास्ती इंजिन-क्लचवाल्यांना असेल. आपलं काम बॉडीचं, ते बॅटरीच्या गाडीलाही लागणारच. उलट बॅटरी जड, म्हणून बॉडी हलकी हवी. ॲल्युमिनियम नि फायबरचं काम वाढेल. सरकारने बस घेताना सीट, पॅनेल, दुरुस्तीचा वाटा इथल्या शेडांना द्यावा, बिलं वेळेवर मिळतात का ते बघावं आणि आयटीआयत ॲल्युमिनियमचं वेल्डिंग शिकवावं. शिकवायला माणसं नाहीत असं कोणी सांगू नये. बाबांना बोलावलं तर ते उद्या सकाळी डबा घेऊन हजर होतील.