युद्धाच्या बातम्या आणि ‘मोकळा’ माणूस

सकाळी रंकाळ्यावर फिरायला येणाऱ्यांच्या आमच्या ग्रुपवर एक मेसेज सारखा फिरतोय. टीव्ही चॅनेल विकली गेलीत. ब्लॉगर आणि यूट्यूबर कुणाच्या पगारावर नाहीत, त्यामुळे लष्कर त्यांच्याकडून काही वदवून घेऊ शकत नाही. त्यात निवृत्त अधिकारी बोलत असेल तर डोळे झाकून ऐका. आणि काही खोटं असतं तर एव्हाना उघडं पडलंच असतं. पाठवणारे दादा मला थोरल्या भावासारखे. तिथं तोंडाला तोंड नको म्हणून इथं लिहितोय.

चॅनेलांबद्दल भांडण नाही. मे 2025 मध्ये भारत-पाक संघर्षात त्यांनी पडद्यावर कराची बंदर उद्ध्वस्त केलं आणि बंदर होतं तिथंच राहिलं. पण त्याच दिवसांत ‘आर्मा 3’ या व्हिडिओ गेममधली दृश्यं खरी लढाई म्हणून मोबाइलवर फिरत होती, आणि ती पसरवण्यात ही मोकळी मंडळीही मागं नव्हती.

‘पगार नाही, म्हणजे दबाव नाही.’ खरी गोम इथंच आहे. अमेरिकेच्या विशेष दलांच्या विद्यापीठानं 2006 मध्ये ब्लॉग आणि लष्करी माहितीयुद्ध यावर एक अभ्यास छापला. नामांकित ब्लॉगरना गुपचूप हाताशी धरावं किंवा भाड्यानं घ्यावं, असा पर्याय त्यात मांडला होता. तो लेखकांचा विचार होता, लष्कराचा हुकूम नव्हे, हे मान्य. पण पैसे मोजायची गरज तरी कुठं असते? 2003 मध्ये इराकवर चढाई झाली तेव्हा सुमारे 600 पत्रकार सैन्याच्या तुकड्यांबरोबर गेले. तुकडी कुठं आहे, पुढं कुठं निघालीय हे सांगायचं नाही, या अटींत गैर काही नाही. आपल्याकडेही 26 एप्रिल 2025 ला माहिती-प्रसारण मंत्रालयानं सैन्याच्या हालचाली थेट दाखवू नका असं बजावलं, ते योग्यच होतं. प्रश्न वेगळा आहे. ज्याच्या गाडीतून फिरायचं, ज्याच्या बंदुकीच्या भरवशावर झोपायचं, त्याच्याविरुद्ध लिहिताना हात अडखळतोच. कोल्हापूरच्या खासबाग कुस्ती मैदानात एका पैलवानाच्या तालमीतल्या पोरांत बसून कुस्ती बघा आणि मग निकाल सांगा. कुणी पैसे दिलेले नसतात, तरी कल त्याच पैलवानाकडं जातो.

रशियात तर हे उघडउघड दिसलं. युक्रेन युद्धावर लिहिणारे तिथले ब्लॉगर सेनापतींना शिव्या घालत, म्हणून लोक त्यांना मोकळे समजत. 13 जून 2023 ला पुतिन यांनी त्यांच्यातल्या काहींना क्रेमलिनमध्ये बोलावून घेतलं. पुढच्याच महिन्यात इगोर गिर्किन या माजी गुप्तचर अधिकारी असलेल्या युद्धब्लॉगरला अटक झाली. तो युद्धाच्या बाजूचाच होता, पण त्याची टीका थेट पुतिनपर्यंत पोचली होती. जानेवारी 2024 मध्ये त्याला 4 वर्षांची शिक्षा झाली. बाकीच्यांना रेघ कुठं आहे ते कळलं.

निवृत्त अधिकाऱ्यांबद्दल बोलताना मी जपून बोलतो. सैनिक टाकळी आमच्याच जिल्ह्यात आहे, घरटी फौजी असलेलं गाव. पण 2008 मध्ये न्यूयॉर्क टाइम्सनं कोर्टात जाऊन कागदपत्रं मिळवली, तेव्हा टीव्हीवर स्वतंत्र तज्ज्ञ म्हणून बसणाऱ्या 75 हून अधिक निवृत्त अधिकाऱ्यांना पेंटागॉन, म्हणजे अमेरिकेचं संरक्षण खातं, खास बैठका आणि दौरे देत होतं, असं निघालं. त्यांतल्या बऱ्याच जणांचे संरक्षण कंत्राटदारांशी संबंध होते. टीका करणाऱ्या एकाचा प्रवेश लगेच बंद झाला.

राहिलं ‘उघडं पडलंच असतं’. पडतं की, पण उशिरा, आणि कुणीतरी खणावं लागतं. इराकमधल्या वर्तमानपत्रांत अमेरिकी सैनिकांनी लिहिलेले लेख अरबीत उतरवून, लिंकन ग्रुप नावाच्या कंत्राटदारामार्फत पैसे देऊन, बातम्या म्हणून छापले जात होते. नोव्हेंबर 2005 मध्ये ते बाहेर काढलं लॉस एंजेलिस टाइम्सच्या बातमीदारांनी. दादा, ते पगारी होते.