नियम तुझे, फाउल माझा

पूलचा, म्हणजे टेबलावर काठीने बॉल खिशात घालायचा, खेळ सुरू होण्याआधी नियम विचारले की सगळे म्हणणार, "अरे, नेहमीचेच!" नेहमीचे म्हणजे कोणाच्या घरचे?

परवा माझ्या क्यूने, म्हणजे काठीने, बाजूच्या बॉलला नुसता स्पर्श झाला. "फाउल!" बरं. पाचच मिनिटांनी समोर खेळणाऱ्या साहेबांच्या बाहीने दोन बॉल सरकले, तेव्हा मात्र "अरे, तो शॉटमध्येच नव्हता." बाही काय पाहुणी आली होती?

त्याच्याकडून पांढरा बॉल खिशात गेला की मी तो मागच्या रेषेआडूनच ठेवायचा. माझ्याकडून गेला की टेबलभर कुठेही ठेवायला हा मोकळा! आंतरराष्ट्रीय नियमांत फाउलनंतर समोरच्याला तो कुठेही ठेवता येतो, हे ज्ञान त्याला नेमकं माझ्याच फाउलला आठवतं.

आणि तो हळूच टेकवण्याचा शॉट! पांढरा आपल्या बॉलला जेमतेम चिकटवायचा, कुशनला, म्हणजे टेबलाच्या कडेला, काही लागत नाही, खिशात काही जात नाही, आणि वर "सेफ्टी खेळलो", म्हणजे बचावाचा शॉट मारला, म्हणायचं. सेफ्टी कसली बाबा, तो सरळसरळ फाउल आहे!

ब्रेकला, म्हणजे पहिल्याच शॉटला, काळा आठ नंबर पडला? त्याचा असेल तर "जिंकलो", माझा असेल तर "परत लाव". शेवटच्या काळ्याचा खिसा मी मोठ्याने सांगायचा, हा नुसत्या भुवया उडवणार. बॉल भलत्याच खिशात पडला की म्हणे, भुवई तिकडेच होती!