खुलासा : दुखापती झाल्या म्हणून हवं तेव्हा लोनवर खेळाडू आणता येत नाही

नाशिकच्या फुटबॉल ग्रुपांमध्ये, विशेषतः कॉलेज रोडच्या पोरांत, एक मेसेज फिरतोय : 'निम्मा संघ जखमी असला की इंग्लंडच्या प्रीमियर लीगचा क्लब खिडकी (खेळाडूंच्या देवाणघेवाणीचा ठरलेला काळ) बंद झाल्यावरही कुणालाही लोनवर (दुसऱ्या क्लबकडून तात्पुरतं) घेऊ शकतो. आर्सेनलने ऑन्रीला तसंच आणलं होतं.'

हे चुकीचं आहे. लीगच्या नियमांनुसार लोनचा करार ट्रान्सफर खिडकी उघडी असतानाच होतो. सवलत आहे ती गोलकीपरपुरती, तीही आणीबाणीत आणि लीगच्या परवानगीने. बाकी जागांसाठी उरतो तो कुठल्याच क्लबशी करार नसलेला खेळाडू.

आणि ऑन्री? तो न्यूयॉर्कहून जानेवारी २०१२ मध्ये आला, म्हणजे खिडकी उघडी असताना. मुख्य कारणही दुखापत नव्हतं. आर्सेनलचे आघाडीचे खेळाडू जर्विन्यो आणि शमाख आपापल्या देशांकडून आफ्रिका चषक खेळायला जाणार होते. ९ जानेवारीला लीड्सविरुद्ध बदली उतरून ऑन्रीने केलेला गोल आजही अंगावर काटा आणतो, म्हणूनच ते उदाहरण नीट सांगायला हवं.

खरं उदाहरण हवं तर लिव्हरपूलचं घ्या : दुखापतींनी बचावफळी कोलमडल्यावर बचावपटू कबाक लोनवर आला, तोही फेब्रुवारी २०२१ मध्ये, खिडकीच्या शेवटच्या दिवशी.

लोन घ्यावं की नाही, यावर खुशाल भांडूया. तो मेसेज मात्र कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.