‘वेगळे, पण समान’? त्यांचाच कायदा वाचा

व्हॉट्सअ‍ॅपवर एक मजकूर फिरतोय. सार असं: दक्षिण आफ्रिकेतला अपार्थाइड, म्हणजे गोऱ्या सरकारचा वर्णभेद, उगाच बदनाम झाला. ती ‘वेगळी पण समान’ व्यवस्था होती, काळ्यांना स्वतःचे देश दिले होते, वाईट असतं तर शेजारच्या देशांतून माणसं कामाला आली असती का, आणि भारतीयांना तर काहीच त्रास नव्हता. हे खोडायला मंडेलांचं एकही भाषण लागत नाही. गोऱ्या सरकारचे कायदेच पुरतात.

आधी ‘समान’. केपटाउन स्टेशनवर गोऱ्यांच्या वेटिंग रूममध्ये एक काळा माणूस शिरला. खटला झाला आणि तो सुटला. काळ्यांची खोली गोऱ्यांच्या खोलीच्या तोडीची नव्हती. अशी वाटणी चालणार नाही, असं १९५३ मध्ये वरच्या कोर्टानेही धरलं. मग सरकारने काय केलं, ती खोली सुधारली? छे! त्याच वर्षी कायदा आणला: सोयी वेगळ्या ठेवता येतील, आणि त्या समान नाहीत एवढ्यावरून कोर्टाला ती वाटणी रद्द करता येणार नाही. म्हणजे असमानता चोरून नव्हे, राजरोस कलमात लिहून.

कायद्यांना नावं देण्यात तर हे लोक पटाईत. काळ्यांना शहरात फिरायला, राहायला पास, म्हणजे परवाना, लागे; १९५२ च्या एका कायद्याच्या नावातच हे पास ‘रद्द’ होते. प्रत्यक्षात जुने सुटे कागद जाऊन सोळा वर्षांवरच्या काळ्या पुरुषांच्या हातात एक पुस्तक आलं, बायकांच्या पुढे काही वर्षांनी. फोटो, बोटांचे ठसे, मालकाची सही, सगळं त्यात. लोक त्याला ‘डोमपास’ म्हणत, म्हणजे मूर्ख पास. घरी विसरलात तरी अटक. हक्क किंवा परवानगी नसेल तर शहरात ७२ तासांच्या वर थांबायचं नाही. याच पासविरुद्ध शार्पव्हिल या काळ्यांच्या वस्तीत जमलेल्या लोकांवर २१ मार्च १९६० रोजी पोलिसांनी गोळ्या झाडल्या. ६९ माणसं गेली.

आता ते ‘देश’. १९१३ च्या कायद्याने काळ्यांसाठी देशातली सुमारे ७ टक्के जमीन ठेवली, १९३६ मध्ये ती मर्यादा १३ टक्क्यांच्या आसपास नेली. लोकसंख्येत ते बहुसंख्य! १९७६ मध्ये यातलाच ट्रान्सकाय हा प्रदेश ‘स्वतंत्र’ झाला, पुढच्या वर्षी बोफुथात्स्वाना, तोही तुकड्या-तुकड्यांत विखुरलेला. प्रिटोरियाचं गोरं सरकार सोडून जगातल्या एकाही देशाने त्यांना मान्यता दिली नाही. खरी मेख निराळीच होती. जोहान्सबर्गजवळच्या सोवेटोत जन्मलेल्या, ट्रान्सकाय कधी न पाहिलेल्या, पण सरकारने मूळचा तिथला ठरवलेल्या माणसाचंही दक्षिण आफ्रिकेचं नागरिकत्व त्या दिवशी गेलं. आपल्याच गावात परदेशी.

कामाला लोक येत, खरं आहे. पोट कुठेही नेतं. पण १९७० च्या सुमारास सोन्याच्या खाणीत गोऱ्याचा पगार काळ्याच्या सुमारे वीसपट होता, हे फॉरवर्डमध्ये नाही.

आणि भारतीय? १९४६ मध्येच त्यांच्या जमीनखरेदीवर बंधनं आली. भारताने व्यापार तोडला आणि प्रश्न संयुक्त राष्ट्रांत नेला. १९५० च्या ग्रुप एरियाज कायद्याने तर वस्त्याच वंशानुसार वाटल्या. केपटाउनात भारतीयांच्या वाट्याला रायलँड्स आलं. रत्नागिरीकडून तिथे गेलेली कोकणी मुसलमान कुटुंबंही त्या कायद्यापुढे फक्त ‘इंडियन’. १९७४ मध्ये भारत डेव्हिस कपच्या फायनलला पोचला, समोर दक्षिण आफ्रिका. आपण खेळलोच नाही. कप न खेळता त्यांना गेला.