डोंगरात राहायला जायचंय? आधी घरातल्या म्हाताऱ्या कुत्र्याचा श्वास मोजा

शहर सोडावं, डोंगरात कुठेतरी घर घ्यावं आणि कुत्र्यांना मोकळं अंगण द्यावं, हा विचार कुत्री असलेल्या पुष्कळ घरांत घोळत असतो. विचार चांगलाच आहे. फक्त त्याची सुरुवात घरांचे फोटो बघण्यापासून होते, आणि तिथेच चुकतं. घरात दोन-तीन कुत्री असतील, तर सगळ्यात म्हातारं किंवा सगळ्यात नाजूक जे असेल त्याच्यापासून सुरुवात करा. त्याला जेवढी उंची झेपेल तेवढ्याच उंचीवर घर बघायचं. तरण्याताठ्या कुत्र्याला काय, कुठेही चालतं.

उंची झेपेल की नाही याचा पहिला अंदाज घरीच घेता येतो. कुत्रं गाढ झोपलं की शेजारी बसा. स्वप्नात पाय हलवत असेल, अंग थरथरत असेल, तर ते थांबू द्या. छाती वर जाऊन खाली आली की एक श्वास. 30 सेकंद मोजा आणि दुप्पट करा. निरोगी कुत्र्याचा झोपेतला आकडा मिनिटाला 30 च्या आत असतो, बऱ्याचदा 20 च्याही आसपास. सलग आठवडाभर मोजून वहीत लिहा. एखाद्या रात्री उकाड्याने वाढला तर घाबरू नका, पण रोज 30 च्या वर जात असेल तर घर शोधणं थांबवून आधी वेटकडे, म्हणजे प्राण्यांच्या डॉक्टरकडे जा.

एवढा आग्रह का, तर डोंगरावरच्या हवेत ऑक्सिजनचा वाटा खालच्याइतकाच, 21 टक्केच असतो, पण हवेचा दाब कमी झालेला असतो. 2,500 मीटरवर तो समुद्रसपाटीच्या साधारण तीन-चतुर्थांश उरतो, 3,000 मीटरवर 70 टक्क्यांच्या आसपास. प्रत्येक श्वासात ऑक्सिजन कमी मिळतो, फुप्फुसांतल्या रक्तवाहिन्या आवळतात आणि हृदयाच्या उजव्या बाजूला जास्त जोर लावावा लागतो. निरोगी कुत्रं हे बरंचसं काही दिवसांत सांभाळून घेतं. पण छोट्या जातींच्या कुत्र्यांत उतारवयात हृदयाच्या डाव्या बाजूची मायट्रल झडप गळू लागणं फार सर्रास आढळतं, आणि वरून ते कळत नाही. जिना चढताना मध्येच थांबणं, रात्री ढास लागणं, याला आपण ‘वय झालं’ म्हणून सोडून देतो. वेटला स्टेथोस्कोप लावून हृदयाच्या ठोक्यांत कुरकुर ऐकू आली तर छातीचा एक्स-रे आणि इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करूनच निर्णय घ्या. पग, बुलडॉग, शिह त्झू, बॉक्सर अशा चपट्या नाकाच्या कुत्र्यांची श्वासाची वाट मुळातच अरुंद असते. त्यांना उंचावर नेणं मला अजिबात पटत नाही. हजार-बाराशे मीटरपर्यंत ठीक, त्यापुढे नको.

‘तिबेटन मॅस्टिफ जातीचा कुत्रा नाही का राहत एवढ्या उंचावर?’ असं कोणीतरी म्हणतंच. राहतो, कारण ऑक्सिजन कमी असताना शरीर कसं वागेल हे ठरवणाऱ्या ईपीएएस1 नावाच्या जनुकाचं वेगळं रूप त्याच्याकडे आहे, आणि ते तिबेटच्या पठारावरच्या लांडग्यांशी झालेल्या संकरातून आलेलं आहे. मैदानातल्या लॅब्रॅडॉरकडे ते नाही. त्याला तांबड्या पेशी वाढवत वाढवत जुळवून घ्यावं लागतं, आणि त्याला काही आठवडे लागतात.

आता नात्याबद्दल. जपानमधल्या अझाबू विद्यापीठाच्या संशोधकांनी 2015 मध्ये दाखवलं की कुत्रं आणि त्याचा माणूस एकमेकांकडे बराच वेळ बघतात तेव्हा दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन, म्हणजे जिव्हाळ्याशी जोडलेलं संप्रेरक, वाढतं. माणसांनी हाताने वाढवलेल्या लांडग्यांमध्ये तसं दिसलं नाही. त्याच्याही आधी, 1998 मध्ये, बुडापेस्टच्या संशोधकांनी लहान मुलांसाठीची एक चाचणी कुत्र्यांवर करून पाहिली होती. अनोळखी खोलीत आपला माणूस असला की कुत्रं बिनधास्त फिरतं, खेळतं. तो बाहेर गेला की दाराशी जाऊन बसतं. घर बदलणाऱ्यांनी यातून एवढं घ्यावं की नव्या जागेत कुत्र्याचा आधार म्हणजे माणूस, आणि तोही कुठलाही नव्हे, ठरावीक माणूस.

घरातला तो माणूस कोण, हे नीट ओळखा. जेवण घालणारा तोच असेल असं नाही. ढग गडगडले, कुत्रं घाबरलं, तेव्हा ते कोणाच्या पायाशी जाऊन चिकटतं ते बघा. तोच तो. आणि नोकरीमुळे किंवा शाळेमुळे तोच माणूस शहरात राहून बाकीचे डोंगरात जाणार असतील, तर कुत्र्याच्या दृष्टीने त्याचं घरच गेलं. अशा वेळी एक तर बेत बदला, नाहीतर जाण्याआधी किमान सहा आठवडे दुसऱ्या माणसाने नातं बांधायला घ्यावं. आईने किंवा बाबांनी नुसतं ‘मी बघते’, ‘मी बघतो’ म्हणून चालत नाही, तिथे रोजचा वेळ द्यावा लागतो.

नातं बांधायचं म्हणजे लाड करायचे असा समज आहे. खरं काम साध्या गोष्टींनी होतं. रोज एक फेरी अशी, जिथे वाट कुत्रं ठरवेल. खांबापाशी चार मिनिटं हुंगायचं असेल तर हुंगू द्या, पट्टा ओढू नका. जेवणातला थोडा भाग हाताने भरवा. दिवसातून दोनदा पाच-पाच मिनिटं शिकवा आणि कंटाळा यायच्या आत थांबा. रात्री त्याच माणसाच्या खोलीत झोपू द्या. आणि एक सांगतो, त्या संशोधनाबद्दल वाचून कुत्र्याचं तोंड दोन्ही हातांत धरून डोळ्यांत बघत बसू नका. तसं धरलं की ते जीभ ओठांवरून फिरवतं, मान वळवतं, डोळ्यांचा पांढरा भाग दिसतो. ते अवघडल्याचं लक्षण आहे. ते आपणहून मान वर करून बघेल तेव्हा तुम्ही हातातलं काम सोडून बघा, बस.

घरातल्या सगळ्यांनी शब्द एकच वापरायचे. एकाचं ‘ये’, दुसऱ्याचं ‘इकडे ये’, तिसऱ्याचं ‘कम’, असं झालं तर डोंगराच्या कड्यावर कुत्रं कुठलाच शब्द ऐकणार नाही. बोलावल्यावर परत येणं हे डोंगरात सगळ्यात महत्त्वाचं शिक्षण आहे, आणि ते शहरात असतानाच पक्कं करायला हवं. आधी घरात दोन पावलांवरून, मग एका खोलीतून दुसऱ्या खोलीत, मग अंगणात, मग 10 ते 15 मीटरच्या लांब दोरीवर मैदानात. दोरी हार्नेसला, म्हणजे छातीभोवतीच्या पट्ट्याला बांधा, गळ्यातल्या पट्ट्याला नाही, कारण पळत सुटलेल्या कुत्र्याला झटका बसला तर मानेला इजा होते. दहापैकी नऊ वेळा येईपर्यंत पुढची पायरी नको. आणि नखं कापायला, अंघोळीला किंवा ओरडायला त्या शब्दाने कधीच बोलावू नका. तिथेच शब्द मरतो.

प्रवासाचं थोडक्यात सांगतो. पिंजऱ्याची किंवा गाडीतल्या पट्ट्याची सवय महिनाभर आधीपासून. निघण्याआधी चार ते सहा तास जेवण नाही, पाणी चालेल. वळणावळणाच्या रस्त्यावर उलटी होत असेल तर वेटकडून मॅरोपिटंट लिहून घ्या. गुंगीचं औषध मनाने देऊ नका, त्याने रक्तदाब उतरतो आणि वळणावर कुत्र्याला तोलही सावरता येत नाही. घाट चढताना कानात दडे बसतात, म्हणून अधूनमधून खाऊचा बारीकसा तुकडा द्या, गिळलं की कान मोकळे होतात. दर दोन तासांनी थांबा आणि दार उघडायच्या आधी पट्टा हातात घ्या. 2,500 मीटरच्या वर जायचं असेल तर एका दिवसात चढू नका. मध्ये एक-दोन मुक्काम करा आणि मुक्कामाची उंची दिवसाला 500 मीटरहून जास्त वाढवू नका. माणसांसाठीचा हाच नियम कुत्र्यासाठीही धरावा.

पोचल्यावर जुनी गादी, जुनी चादर न धुता तशीच टाका. त्या वासाइतकं ओळखीचं तिथे दुसरं काही नसतं. पहिले चार-पाच दिवस लांब फेऱ्या नाहीत. जेवण थोडं थोडं, तीन वेळा. पाणी एरवी किलोमागे 50 ते 60 मिली लागतं, म्हणजे 20 किलोच्या कुत्र्याला लिटर-सव्वा लिटर. कोरड्या हवेत आणि धापांमुळे ते वाढतं, तेव्हा दोन-तीन ठिकाणी भांडी ठेवा. पहिले दोन दिवस भूक कमी होणं, सुस्त राहणं चालतं. पण कोरडा खोकला, तोंडातून फेस, चालताना झोकांड्या किंवा हिरड्या फिकट-निळ्या दिसल्या तर वाट बघू नका. हिरडीवर बोट दाबून सोडा. पांढरा पडलेला भाग दोन सेकंदांच्या आत गुलाबी व्हायला हवा. नाही झाला तर त्याच क्षणी गाडी काढून खाली उतरायला लागा, वाटेत वेटला फोन करा. पाचशे-हजार मीटर खाली येणं हाच खरा उपचार आहे, घरगुती काढा नव्हे.

मोकळ्या अंगणाबद्दल मात्र मला मनापासून बोलायचं आहे, कारण डोंगरात गेल्यावर सगळ्यात मोठी चूक इथेच होते. अंगण मिळालं की फिरायला नेणं बंद होतं. दार उघडायचं, कुत्र्याला बाहेर सोडायचं, आपण आत. महिन्याभरात त्या अंगणातला प्रत्येक वास कुत्र्याला पाठ होतो. मग कुंपणालगत येरझाऱ्या, वाटसरूवर भुंकणं, खड्डे खणणं. शहरातल्या दोन खोल्यांत राहून दिवसातून दोनदा माणसाबरोबर फिरणारं कुत्रं या अंगणातल्या कुत्र्यापेक्षा सुखी असतं. अंगण शी-शूला आणि उन्हात पडायला. फिरायला तुम्हीच न्यायचं, पाऊस असो की थंडी.

कुंपण किमान 1.8 मीटर उंच, आणि तळाशी जाळी बाहेरच्या बाजूला इंग्रजी ‘एल’सारखी वळवून दीड-दोन फूट जमिनीवर अंथरून माती टाका, म्हणजे खालून खणता येत नाही. बर्फ पडत असेल तर भिंतीला साचलेल्या ढिगावरून तेच कुंपण अर्ध्या उंचीचं होतं, तेव्हा ढीग रोज बाजूला करा. एवढं करूनही बिबट्याला हे कुंपण अडवत नाही. मेंढपाळ आपल्या कुत्र्यांच्या गळ्यात खिळ्यांचे लोखंडी पट्टे घालतात ते उगाच नव्हे, हिंस्र जनावर आधी गळाच धरतं. म्हणून दिवस मावळायच्या आत कुत्री घरात, रात्रीची शू पट्ट्यावर आणि हातात बॅटरी घेऊनच. राखणीच्या कुत्र्यांचा कळप वाटेत आडवा आला तर पळू नका. पट्टा आखूड करा, नजर खाली, आणि मेंढ्यांपासून लांबचा वळसा घालून शांतपणे निघा.

मायक्रोचिप बसवून घ्याच, पण त्याने कुत्रं सापडत नाही. तो फक्त 15 आकडी क्रमांक असतो, कोणीतरी कुत्रं पकडून स्कॅनर लावला तरच दिसणारा. आणि जीपीएसचे बहुतेक पट्टे मोबाइलच्या नेटवर्कवर चालतात, दरीत नेटवर्क गेलं की नकाशाही जातो. गळ्यातल्या बिल्ल्यावर ठसठशीत फोन नंबर, नवा पत्ता, आणि पहिले दोन महिने दोरी न सोडणं, हा खरा बंदोबस्त.

दर हजार मीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं. सांधे दुखणाऱ्या म्हाताऱ्या कुत्र्याला हे आधी जाणवतं. गादी जमिनीपासून वर, वाऱ्याच्या झोतापासून लांब. बोटांमधले केस कापा, नाहीतर बर्फाचे गोळे अडकून पाय कापतात. फिरून आल्यावर कोमट पाण्याने पंजे धुवा, रस्त्यावर टाकलेलं मीठ कुत्रं चाटून घेतं. गाडीच्या रेडिएटरमधलं अँटीफ्रीज, म्हणजे पाणी गोठू नये म्हणून घातलेलं द्रव, कुठे गळत नाही ना, हे रोज बघा. त्यातलं इथिलीन ग्लायकॉल गोड लागतं, थोडंसंही मूत्रपिंडं निकामी करतं, आणि वाईट म्हणजे आधी दारू प्यायल्यासारखं झुलणारं कुत्रं मधे काही तास बरं वाटू लागतं. उतारा पहिल्या काही तासांतच लागू पडतो. शेगडीच्या खोलीत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म हवा, खिडकीची फट उघडी हवी.

गोचीड दिसली तर चिमट्याने कातडीला अगदी लागून धरा आणि सरळ वर ओढा. पिळू नका, तेल किंवा पेटती काडी लावू नका, त्याने ती आणखी लाळ आत सोडते. ओढ्याचं पाणी कितीही स्वच्छ दिसलं तरी त्यात जिआर्डिया हा जुलाब लावणारा परजीवी असू शकतो, घरचं पाणी बरोबर न्या. रेबीज आणि लेप्टोच्या (लेप्टोस्पायरोसिसच्या) लसी निघण्याआधी. दुखलं म्हणून माणसाचं आयबुप्रोफेन किंवा पॅरासिटामॉल देऊ नका.

आणि घर घेण्याआधी एकदा तिथे भाड्याने राहून बघा, किमान तीन आठवडे, आणि तेही सगळ्यात वाईट ऋतूत. रात्री दोन वाजता कुत्रं आजारी पडलं तर एक्स-रे आणि ऑक्सिजन असलेला वेट किती तासांवर आहे, हे गाडी चालवूनच मोजा, नकाशावर नाही. दरड कोसळली तर दुसरा रस्ता आहे का, तेही विचारा. त्या मुक्कामात म्हाताऱ्या कुत्र्याचा झोपेतला श्वास रोज मोजा आणि शहरात लिहिलेल्या आकड्याशेजारी लिहीत जा. पहिले काही दिवस तो थोडा वाढलेला दिसेल. आठवडा उलटूनही जुन्या आकड्याजवळ आला नाही, तर घर आणखी खालच्या गावात शोधा.