खुलासा: मेडिकलच्या अर्जात उणीव लिहिली की प्रवेश जातो?

कोल्हापुरात पालकांच्या ग्रुपवर मेसेज फिरतोय: ‘मेडिकलच्या अर्जात उणीव कबूल केली की प्रवेश गेला, फक्त “मी परफेक्शनिस्ट आहे” लिहा.’ बारावीच्या मुलांनो, घाबरू नका. इथल्या राजर्षी छत्रपती शाहू महाराज शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात एमबीबीएसला नीटच्या ७२० पैकी गुणांवर गुणवत्ता ठरते. निबंध नाही, मुलाखत नाही.

हा प्रश्न अमेरिकेत अर्ज करणाऱ्यांचा. तिथं ५,३०० कॅरेक्टरपर्यंतचं आत्मनिवेदन लागतं, पुढं मुलाखत. ‘परफेक्शनिस्ट’ तिथं घोकलेलं वाटतं. मदत मागायला संकोच वाटायचा, आता अडलं की लगेच विचारतो, असं खरं सांगावं. सगळी दुखणी मांडायची सक्ती नाही. पण शिस्तभंगाची कारवाई विचारली असताना लपवली, तर मिळालेला प्रवेशही रद्द होऊ शकतो. कृपया तो मेसेज पुढं पाठवू नका.