'हजारो शोधनिबंध खोटे का?' : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

इतकी सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत, तर उत्तरही 'धन्यवाद, मतभेद आहेत' एवढ्यावर सोडवत नाही. बाकी वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात मांडते. 'इम्युनिटी वाढवणाऱ्या' अर्कांवरच्या लेखात मी वनस्पतींवरचं संशोधन दोन परिच्छेदांत निकालात काढलं. त्यांचे दाहशामक (शरीरातली सूज-जळजळ कमी करणारे) आणि प्रतिकारशक्ती वाढवणारे गुण दाखवणारे हजारो शोधनिबंध आहेत, हळदीतल्या एकट्या कर्क्युमिनवरचे वाचायला आयुष्य पुरणार नाही. वनस्पतीतून मिळालेल्या आर्टेमिसिनिन या मलेरियाच्या औषधाचं नोबेल मी सोयीस्करपणे विसरले. आणि हवापाण्यातल्या विषांनी शरीरात कायमचा दाह धुमसतोय, त्यावर औषध कंपन्यांकडे उत्तर नाही, म्हणून वनस्पतींची बदनामी चालली आहे.

हेतूवरचा आरोप सोडून देते. बाकीचं घेते.

हजारो निबंधांपासून सुरुवात करू, खरी गोम तिथेच आहे. संख्या तुम्ही म्हणता तशीच आहे. पण त्यातला फार मोठा वाटा म्हणजे एकच प्रयोग, फक्त दर वेळी वनस्पती बदललेली. रॉ २६४.७ नावाच्या पेशी असतात, उंदराच्या गाठीतून १९७०च्या दशकात वेगळ्या काढलेल्या मॅक्रोफेज, म्हणजे जंतू गिळणाऱ्या, प्रतिकारशक्तीच्या पेशी. त्या ९६ खळग्यांच्या प्लेटमध्ये वाढवायच्या आणि त्यांच्यावर जिवाणूंच्या बाह्य आवरणातलं लिपोपॉलिसॅकराइड, म्हणजे एलपीएस, टाकायचं. पेशी चवताळतात आणि नायट्रिक ऑक्साइड सोडायला लागतात. दुसऱ्या दिवशी वरचा द्रव काढून त्यात ग्रीस अभिकर्मक (नायट्रिक ऑक्साइड ओळखणारं रसायन) घातला की तो गुलाबी होतो. जितका गडद, तितका दाह जास्त. काही खळग्यांत एलपीएसच्या आधी अर्क घातलेला असतो. तिथला गुलाबी फिका आला की शीर्षक तयार: अमुक वनस्पतीचे दाहशामक गुणधर्म.

आता तो फिका का आला? अर्काने पेशीतला दाहाचा संदेश खरोखर अडवला असेल. किंवा अर्काने पेशीच मारल्या असतील, कारण मेलेली पेशी नायट्रिक ऑक्साइड सोडत नाही. किंवा अर्काचा स्वतःचा रंग मोजणीत लुडबुड करत असेल. पेशी जिवंत आहेत हे दाखवायला एमटीटी नावाची चाचणी करतात: पिवळं एमटीटी जिवंत पेशी जांभळं करतात. पण पॉलिफेनॉल (वनस्पतींतली एक प्रकारची रसायनं) भरपूर असलेले अर्क हेच काम पेशींशिवायही करतात! एकही पेशी नसलेल्या खळग्यात नुसता अर्क आणि एमटीटी घालून ठेवा, जांभळा रंग उतरतो. हा बिनपेशींचा खळगा ज्यांनी ठेवलाच नाही, त्यांच्या तक्त्यात 'पेशी १०० टक्के जिवंत' असं येऊ शकतं आणि प्रत्यक्षात पेशी गोल होऊन तळापासून सुटलेल्या असतात. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला असता तरी कळलं असतं. मी अशा प्लेटा लावलेल्या आहेत, म्हणून सांगते: हा खळगा ठेवायला दोन मिनिटं लागतात. न ठेवण्याला आळसाशिवाय कारण नसतं.

'प्रतिकारशक्ती वाढवणाऱ्या' निबंधांची कथा याहून गमतीची. तिथे एलपीएस घालत नाहीत, नुसता अर्क घालतात. पेशी जाग्या झाल्या, टीएनएफ हा दाहाचा निरोप देणारा रेणू वाढला, म्हणजे अर्क गुणकारी. पण मूळ, साल, पान यांच्यावर आणि आतही जिवाणू राहतात. त्यांचं एलपीएस अर्काबरोबर येतं, आणि मॅक्रोफेजला चेतवायला ते मिलिलिटरला काही नॅनोग्रॅम इतकंही पुरतं. जिवाणू अडवणाऱ्या बारीक गाळणीतून ते निसटतं. नेहमीच्या ऑटोक्लेव्हला, म्हणजे दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्राला, ते दाद देत नाही. काचेच्या भांड्यांवरून ते घालवायला २५० अंश सेल्सियसची कोरडी उष्णता अर्धा तास द्यावी लागते, आणि तेवढ्या उष्णतेत अर्काचा कोळसा होईल. २००८ मध्ये अमेरिकेतल्या एका गटाने एकिनेशियासारख्या 'इम्युनिटी'साठी विकल्या जाणाऱ्या वनस्पतींचे अर्क नीट तपासले. मॅक्रोफेज जागे होण्याचं बहुतांश श्रेय जिवाणूंच्या लिपोप्रोटीनला आणि एलपीएसला जात होतं, वनस्पतीला नाही.

हेच एलपीएस कापसाच्या गिरणीतल्या धुळीत असतं. तिथे कामगारांच्या फुप्फुसांना सूज येते, धाप लागते, आणि आपण त्याला पर्यावरणातलं विष म्हणतो. ते पकडणारा ग्राही रेणू टीएलआर-४ आहे, हे १९९८ मध्ये ब्रूस ब्यूटलर यांच्या गटाने दाखवलं. २०११च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा याच कामासाठी होता. गिरणीतली धूळ असो की बाटलीतला अर्क, पेशीच्या दारावरची घंटा तीच वाजते.

म्हणून मी निबंध मोजत नाही. पद्धतीचा भाग आधी वाचते.

कर्क्युमिनचं म्हणाल तर त्यावरचं सगळ्यात कठोर परीक्षण औषधी रसायनशास्त्रज्ञांनीच २०१७ मध्ये केलं. हा रेणू स्वतः चमकतो आणि भेटेल त्या प्रथिनाला चिकटतो, त्यामुळे मोजणी फसते; शिवाय शरीराच्या तापमानाला, सीरम नसलेल्या द्रावणात, अर्ध्या तासात जवळजवळ सगळा विघटित होतो. प्लेटमध्ये तो १० ते ५० मायक्रोमोलर वापरतात. माणसाला रोज ८ ग्रॅम देऊनही रक्तात २ मायक्रोमोलरच्या आतच सापडला. यावर उपाय म्हणून मिऱ्यातलं पायपरिन जोडतात. १९९८च्या अभ्यासात त्याने कर्क्युमिनची उपलब्धता २,००० टक्क्यांनी वाढली, हे जाहिरातीत ठळक छापतात. कशी वाढली ते छापत नाहीत. आतडं आणि यकृत परक्या रेणूंना ग्लुक्युरोनिक आम्ल जोडून बाहेर घालवतात, ते काम पायपरिन मंदावतं. म्हणजे विषं बाहेर काढण्यासाठी घेतलेली गोळी विषं बाहेर काढणाऱ्या यंत्रणेचाच पाय ओढते. सोबत घेतलेल्या इतर औषधांचं प्रमाणही त्यामुळे वाढू शकतं. अमेरिकेतल्या यकृत-इजा नोंदणीत हळदीच्या पूरकांमुळे झालेल्या १० केसेस २०२२ मध्ये प्रसिद्ध झाल्या. त्यातल्या ७ जणांत एचएलए-बी*३५:०१ हा एकच जनुकप्रकार होता. संख्या लहान आहे, घाबरून जाण्यासारखी नाही. पण 'नैसर्गिक, म्हणून निरुपद्रवी' हे गृहीतक तिथे टिकत नाही.

'प्रतिकारशक्ती वाढवा' या कल्पनेबद्दलही बोलायला हवं. २००६ मध्ये लंडनमध्ये टीजीएन१४१२ नावाचं प्रतिपिंड ६ निरोगी स्वयंसेवकांना दिलं गेलं. ते प्रतिकारशक्तीतल्या टी-पेशींना थेट चेतवत होतं. तासा-दीड तासात त्यांना ताप, थंडी, असह्य डोकेदुखी सुरू झाली आणि सहाही जण अतिदक्षता विभागात गेले. प्रतिकारशक्ती जोरात वाढवली तर काय होतं, त्याचा हा नमुना. सौम्य रूपही आहे: गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या ४३ रुग्णांची भारतातली नोंद २०२२ मध्ये आली. बऱ्याच जणांत शरीर स्वतःच्याच यकृतावर उलटल्याची लक्षणं होती. यावर वाद झाला. गुळवेल समजून लोकांनी तिच्यासारखीच दुसरी वेल घेतली असेल, असा आक्षेप आला. तो खरा मानला तरी प्रश्न सुटत नाही, आणखी चिघळतो. १९९०च्या दशकात बेल्जियममध्ये वजन कमी करण्याच्या गोळ्यांत एका चिनी वनस्पतीच्या जागी ॲरिस्टोलोकिया ही विषारी वनस्पती गेली आणि शंभराहून अधिक जणांच्या मूत्रपिंडांना गंभीर इजा झाली.

उलट बाजूनेही तेच. दाह म्हणजे वाईट, तो विझवला की झालं, असं तुमच्या प्रतिक्रियेत गृहीत धरलेलं दिसतं. २०१७ मध्ये कॅनाकिनुमॅब या औषधाची १०,००० हून अधिक हृदयरुग्णांवर चाचणी झाली. ते दाहाचा एकच निरोप्या, आयएल-१ बीटा, अडवतं. हृदयविकाराचे प्रसंग १५ टक्क्यांनी घटले, पण संसर्गाने होणारे मृत्यू वाढले आणि एकूण मृत्यूंत फरक पडला नाही. कोविडमध्ये डेक्सामेथासोनने व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू एक तृतीयांशाने कमी केले, पण ज्यांना ऑक्सिजनचीही गरज नव्हती त्यांना काहीच फायदा झाला नाही. तोच दाह, तेच औषध, वेळ वेगळी. 'दाहशामक' एवढाच शिक्का लावून रोज घ्यायचा अर्क कुठल्या वेळेसाठी आहे, हे मला कुणी सांगत नाही.

विषांबाबत मात्र तुमच्याशी भांडण नाही, उलट तुम्ही कमीच बोललात. फॅरो बेटांवरच्या मुलांच्या २०१२च्या अभ्यासात, वयाच्या पाचव्या वर्षी रक्तातली पीएफएएस (नॉनस्टिक आणि जलरोधक वस्तूंत वापरली जाणारी) रसायनं दुप्पट असली तर सातव्या वर्षी लसीने तयार झालेली प्रतिपिंडं सुमारे निम्मी भरली. दगडाच्या धुळीतल्या सिलिकाचं तर विचारूच नका. दगड कापताना उडालेला कण फुप्फुसातली मॅक्रोफेज गिळते. तो पचत नाही, पेशीची पचनपिशवी फाडतो, एनएलआरपी-३ नावाची यंत्रणा सुरू होते, आयएल-१ बीटा सुटतं, पेशी मरते. कण मोकळा होतो आणि शेजारची मॅक्रोफेज तोच कण पुन्हा गिळते. धूळ बंद झाली तरी हे चक्र थांबत नाही. यावर कंपन्यांकडे गोळी नाही हे खरंच, पण कुठल्या काढ्यातही तो कण विरघळवण्याची ताकद नाही. उत्तर शरीराबाहेर आहे: कापताना पाण्याचा फवारा, धूळ ओढणारी यंत्रं, योग्य मास्क.

वनस्पतींच्या बाजूचा एक मुद्दा तुम्ही मांडायला हवा होता, तो मीच मांडते. डायॉक्सिन हे ज्वलनातून आणि कारखान्यांतून निघणारं विष पेशीतल्या ज्या ग्राहीला चिकटतं, त्या एएचआरलाच कोबी-ब्रोकोलीतल्या पदार्थांपासून पोटात तयार होणारे रेणूही चिकटतात. उंदरांच्या आहारातून ते काढले की आतड्याच्या अस्तरातल्या पहारेकरी पेशी रोडावतात, हे २०११ मध्ये दिसलं. एकच ग्राही, तरी एक विष आणि दुसरं पोषक. मोठा फरक मुक्कामाचा आहे: भाजीतले रेणू लवकर मोडतात, डायॉक्सिन अर्धं व्हायलाच माणसात सात-आठ वर्षं जातात. हे संशोधन मला मनापासून आवडतं. यात कुणी अर्क विकत नाही.

आर्टेमिसिनिनने तर माझीच बाजू बळकट होते. चिनी शास्त्रज्ञ तू यूयू यांना चौथ्या शतकातल्या एका चिनी वैद्यकग्रंथात, वनस्पती पाण्यात भिजवून पिळून रस घ्या, अशी सूचना सापडली. उकळायला सांगितलेलं नव्हतं. त्यावरून त्यांनी कमी तापमानाला उकळणारं ईथर वापरलं, आणि १९७१ मध्ये तो अर्क उंदरांच्या मलेरियावर पूर्ण लागू पडला. पुढे रेणू वेगळा काढला, रचना ठरवली, माणसांवर चाचण्या झाल्या. २०१५चं नोबेल या सगळ्या वाटेला आहे. शिवाय ते औषध परजीवीला मारतं, 'इम्युनिटी' वाढवत नाही.

दाहशामक वनस्पतीच हवी असेल तर कोल्चिसिन घ्या, म्हणजे उदाहरण म्हणून घ्या! कोल्चिकम या वनस्पतीच्या कंदातलं हे औषध गाऊट या सांधेदुखीसाठी फार जुनं. २०२० मध्ये ५,५२२ हृदयरुग्णांच्या चाचणीत रोज अर्ध्या मिलिग्रॅमने हृदयविकार-पक्षाघातासारखे प्रसंग ३१ टक्क्यांनी कमी झाले. नंतर २०२४ मध्ये, नुकताच झटका येऊन गेलेल्या रुग्णांवरच्या मोठ्या चाचणीत फायदा दिसला नाही, त्यामुळे वाद अजून चालू आहे. हा वाद मला मान्य आहे, कारण तो माणसांवरच्या चाचण्यांवरून चाललाय, प्लेटमधल्या गुलाबी रंगावरून नाही. आणि हो, कोल्चिसिन कळलावीच्या कंदातही असतं. म्हणून कुणी ती उगाळून घेऊ नका. उपचाराची मात्रा आणि जीव घेणारी मात्रा यांत अंतर फार थोडं आहे, आणि कंदात किती आहे ते चव घेऊन कळत नाही.

तुमच्या हजारांतले तुम्हाला सगळ्यात भक्कम वाटणारे दोन-तीन निबंध निवडा. अर्कातलं एंडोटॉक्सिन, म्हणजे तेच एलपीएस, मोजलं होतं का, बिनपेशींचा खळगा ठेवला होता का आणि प्लेटमधली मात्रा माणसाच्या रक्तात पोचते का, एवढं पद्धतीच्या भागात बघून इथेच खाली लिहा. मी ते निबंध वाचून उत्तर देईन.